अक्षरे मोजा, शब्द ओळखा : इंग्रजी स्पेलिंगचा एक सोपा अभ्यास



स्मरणिकेत अभ्यासाचा एखादा पाठ असावा, तो मुलांना घरी बसून करता यावा आणि त्यासाठी पुस्तके विकत आणावी लागू नयेत, अशी संयोजकांची इच्छा होती. म्हणून आमच्या मुलांना जो विषय सर्वांत अवघड वाटतो, त्या इंग्रजीतील स्पेलिंगविषयी मी येथे चार गोष्टी मांडणार आहे. त्र्यंबकेश्वर आणि आसपासच्या पाड्यांवरील मुले हुशार नाहीत असे नाही. पाढे, गणिते, कविता ती तोंडपाठ म्हणतात. परंतु इंग्रजी शब्द लिहायची वेळ आली की त्यांचा हात थांबतो. स्पेलिंग म्हणजे नुसती घोकंपट्टी, असा त्यांचा समज झालेला असतो. तो समज दूर करावा, हा या लेखाचा हेतू आहे.

वडिलांच्या नावाची गोष्ट

मी १९८७ साली दहावी उत्तीर्ण झालो. वडील बाजारात हमाली करीत. घरात दहावीपर्यंत पोहोचलेला मी पहिलाच. नाशिकला अकरावीत नाव घातले आणि शिष्यवृत्तीचा अर्ज भरला. काही दिवसांनी अर्ज परत आला. कारण काय, तर माझ्या वडिलांच्या नावाचे स्पेलिंग दोन कागदांवर दोन प्रकारचे होते. वडिलांचे नाव त्र्यंबक. एका दाखल्यावर ते टी-आर-आय-एम-बी-ए-के असे सात अक्षरी लिहिलेले होते, तर दुसऱ्यावर टी-आर-वाय-ए-एम-बी-ए-के असे आठ अक्षरी. कार्यालयातील गृहस्थ म्हणाले, "हे दोन वेगळे इसम आहेत. एकच आहेत याचा पुरावा आणा."

त्यानंतर प्रतिज्ञापत्र, शाळेचे पत्र, पुन्हा कार्यालय अशा फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरीला वडिलांची एक दिवसाची मजुरी बुडे. शिष्यवृत्ती वेळेत आली नाही, फी भरता आली नाही आणि त्या वर्षी माझे कॉलेज सुटले. पुढच्या वर्षी पुन्हा नाव घातले, शिक्षण पूर्ण केले आणि शिक्षक झालो. पण ते एक वर्ष गेले ते गेलेच. वडील त्या वेळी म्हणाले होते, "बाळा, माझ्या नावात एवढी अक्षरं आहेत हे मलाच ठाऊक नव्हतं."

कोणत्या कार्यालयात हे घडले ते सांगण्याचे कारण नाही. दोष त्या गृहस्थांचाही नव्हता. दोन्ही कागद मी स्वतः हातात घेतले होते, परंतु एकदाही अक्षरे मोजली नव्हती. तेव्हापासून इंग्रजी शब्द दिसला की त्याची अक्षरे मोजायची सवय मला लागली आणि त्या सवयीतूनच हा पाठ तयार झाला.

मराठी अक्षर आणि इंग्रजी अक्षर

प्रथम एक फरक ध्यानात घ्या. मराठीत आपण अक्षर म्हणतो, त्यात व्यंजन आणि स्वर दोन्ही एकत्र असतात. 'नाशिक' या शब्दात ना, शि, क अशी तीन अक्षरे आहेत. इंग्रजीत काना, वेलांटी, मात्रा नाहीत. प्रत्येक स्वर वेगळे अक्षर म्हणून ओळीत उभा राहतो. म्हणून तोच शब्द इंग्रजीत एन-ए-एस-एच-आय-के असा सहा अक्षरी होतो. जुन्या कागदांवर एच नसलेले पाच अक्षरी स्पेलिंग आढळते. गाव तेच, पण अक्षरे पाच की सहा हे कागदावर अवलंबून!

आपल्या गावाचेही तसेच आहे. बोलताना आपण त्र्यंबकही म्हणतो आणि त्रिंबकही म्हणतो. म्हणून इंग्रजीत कोठे आय येतो, तर कोठे वाय आणि ए येतात. आय घेतला तर त्र्यंबकेश्वर हे नाव तेरा अक्षरी होते, वाय-ए घेतले तर चौदा अक्षरी. बोलण्यात दोन्ही चालते, परंतु अर्जात एकच चालते.

दोन अक्षरांनी उघडलेली लिपी

शब्दाची लांबी आणि त्यातील एखादे ठरावीक अक्षर एवढ्यावरून शब्द ओळखता येतो का? येतो. त्याचे एक मोठे उदाहरण आपल्या इतिहासात आहे.

नाशिक शहराजवळ मुंबई-आग्रा रस्त्यालगत त्रिरश्मी लेणी आहेत, ज्यांना लोक पांडवलेणी म्हणतात. तेथील भिंतींवर ब्राह्मी लिपीतील लेख कोरलेले आहेत. ही लिपी अनेक शतके कोणालाच वाचता येत नव्हती. कलकत्त्याच्या टाकसाळीतील अधिकारी जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे सांचीच्या स्तूपाच्या कठड्यांवरील लहान लहान लेखांचे ठसे आले. प्रत्येक लेख वेगळा होता, पण बहुतेक लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे होती आणि दुसऱ्या अक्षरावर एक टिंब होते. प्रिन्सेप यांनी विचार केला की, कठड्यावर अनेकांनी लहान लेख का कोरावेत? बहुधा ज्याने दगड दान दिला त्याचे नाव असावे. तसे असेल तर शेवटचा दोन अक्षरी शब्द 'दानं' असला पाहिजे. अंदाज बरोबर निघाला. 'द' आणि 'न' ही अक्षरे हाती आली, त्यांच्या आधारे इतर अक्षरे सुटत गेली. हे १८३७ साली घडले आणि त्यातूनच अशोकाचे शिलालेख व आपल्या लेण्यांतील लेख वाचण्याची वाट मोकळी झाली.

मुलांनो, यात पाठांतर नव्हते. शब्द किती अक्षरांचा, कोणते अक्षर कोठे आले आणि तेथे कोणता अर्थ शोभेल, हे तीन प्रश्न होते. हेच तीन प्रश्न आपण इंग्रजी शब्दाला विचारायचे आहेत.

पाठ पहिला : तीन अक्षरांचे चार करा

एच-ए-टी म्हणजे हॅट, टोपी. याच्या शेवटी ई लावा. एच-ए-टी-ई, हेट, म्हणजे द्वेष करणे. शेवटच्या ई चा स्वतःचा उच्चार होत नाही, पण तो मागच्या स्वराचा उच्चार बदलून टाकतो. आता पुढील जोड्या वहीत लिहा :

के-आय-टी, किट, म्हणजे साहित्याचा संच. ई लावल्यावर काईट, म्हणजे पतंग.
पी-आय-एन, पिन, म्हणजे टाचणी. ई लावल्यावर पाईन, म्हणजे देवदाराच्या जातीचे झाड.
टी-ए-पी, टॅप, म्हणजे नळ; ई लावल्यावर टेप, म्हणजे फीत.
एन-ओ-टी, नॉट, म्हणजे नाही. ई लावल्यावर नोट, म्हणजे टिपण.
सी-यू-टी, कट, म्हणजे कापणे; ई लावल्यावर क्यूट, म्हणजे गोजिरवाणे.

या एका नियमाने चार अक्षरी पुष्कळ शब्द आपोआप येतात. नियमाला अपवाद आहेत. कम आणि डन यांच्या शेवटी ई असूनही मागचा स्वर बदलत नाही. हॅव्ह, गिव्ह, लव्ह यांचेही तसेच आहे, पण त्याचे कारण पुढच्या पाठात आहे.

पाठ दुसरा : सोबतीशिवाय न राहणारी अक्षरे

इंग्रजीतील काही अक्षरे एकटी राहत नाहीत. त्यांचे सोबती ठरलेले असतात.

(१) क्यू च्या मागोमाग यू येतोच. क्वीन, क्विक, क्वाएट, क्वाइट, क्विल्ट हे सर्व पाच अक्षरी शब्द क्यू-यू ने सुरू होतात. इराक, कतार अशी परदेशी नावे सोडली तर हा नियम क्वचितच मोडतो. क्वाएट म्हणजे शांत आणि क्वाइट म्हणजे पुरेसे किंवा बऱ्यापैकी. दोन्हींत तीच पाच अक्षरे आहेत, फक्त क्रम वेगळा. शांत असेल तर शेवटी ई-टी, बऱ्यापैकी असेल तर शेवटी टी-ई.

(२) नेहमीच्या वापरातील इंग्रजी शब्दाच्या शेवटी व्ही एकटा येत नाही, त्याच्या मागे ई येतो. फाइव्ह, हॅव्ह, गिव्ह, लिव्ह, लव्ह पाहा. हॅव्ह आणि गिव्ह यांतील ई हा स्वर बदलण्यासाठी नसून व्ही ला सोबत म्हणून आहे. जे हे अक्षरही मूळ इंग्रजी शब्दाच्या शेवटी येत नाही. 'ज' असा उच्चार शेवटी आला तर जी-ई किंवा डी-जी-ई लिहावे. आपल्या गावात जागोजागी पाटी दिसते तो लॉज हा शब्द एल-ओ-डी-जी-ई असा पाच अक्षरी आहे.

(३) एकाच उच्चाराच्या लहान शब्दात ऱ्हस्व स्वरानंतर लगेच 'क' आला तर सी-के लिहितात. बॅक, नेक, सिक, लॉक, लक हे सर्व चार अक्षरी आहेत. मध्ये दुसरे व्यंजन असेल, जसे मिल्क, बँक, किंवा दोन ओ असतील, जसे बुक, तर एकटा के पुरतो.

(४) काही अक्षरे लिहायची, पण बोलायची नाहीत. एन च्या आधीचा के असाच मुका असतो. नाईफ म्हणजे सुरी, नॉक म्हणजे ठोठावणे आणि नील म्हणजे गुडघे टेकणे, हे तिन्ही शब्द पाच अक्षरी असून के-एन ने सुरू होतात. आर च्या आधीचा डब्ल्यू मुका असतो. राइट म्हणजे लिहिणे, राँग म्हणजे चूक, रिस्ट म्हणजे मनगट, हेही पाच अक्षरी. शब्दाच्या शेवटी एम नंतर आलेला बी मुका असतो. कोम म्हणजे कंगवा आणि लॅम म्हणजे कोकरू हे चार अक्षरी. थम म्हणजे अंगठा आणि क्लाइम म्हणजे चढणे हे पाच अक्षरी.

(५) आय-जी-एच-टी ही चौघांची टोळी एकत्र फिरते. तिच्या आधी एकच अक्षर ठेवले की पाच अक्षरी शब्द तयार होतो. एल ठेवा, लाइट. एन ठेवा, नाइट म्हणजे रात्र. आर ठेवा, राइट म्हणजे योग्य किंवा हक्क. एफ ठेवा, फाइट. एस ठेवा, साइट म्हणजे दृष्टी. टी ठेवा, टाइट. एक टोळी पाठ केली की सहा शब्द पाठ झाले.

अक्षरे मुकी का झाली?

मुले विचारतात, "सर, जे बोलायचे नाही ते लिहायचे कशाला?" प्रश्न रास्त आहे. फार पूर्वी इंग्लंडमधील लोक नाईफ आणि नी या शब्दांतील के खरोखर उच्चारीत असत. विल्यम कॅक्स्टन यांनी १४७६ साली इंग्लंडमध्ये पहिला छापखाना काढला. छापील पुस्तकांमुळे स्पेलिंग हळूहळू पक्के होऊ लागले. पण लोकांची जीभ छापखान्याचे ऐकत नाही. पुढच्या दोन-तीनशे वर्षांत उच्चार बदलले, के गळून पडला, कागदावर मात्र राहिला. १७५५ साली सॅम्युएल जॉन्सन यांचा कोश निघाला आणि स्पेलिंग आणखी घट्ट झाले.

अमेरिकेत नोहा वेब्स्टर यांनी काही स्पेलिंग सोपी केली. त्यांचा मोठा कोश १८२८ साली प्रसिद्ध झाला. म्हणून कलर हा शब्द इंग्लंडमध्ये ओ-यू-आर असा संपतो आणि सहा अक्षरी होतो. अमेरिकेत यू नसल्याने पाच अक्षरी. आपल्याकडे इंग्लंडची पद्धत चालते, तेव्हा परीक्षेत सहा अक्षरी लिहावे. संगणकाने तांबडी रेघ ओढली तर घाबरू नये.

कोणते अक्षर जास्त येते?

इंग्रजी मजकुरात ई हे अक्षर सर्वांत जास्त वेळा येते. त्याच्या खालोखाल टी, ए, ओ, आय, एन ही अक्षरे येतात. क्यू आणि झेड फार थोड्या वेळा. तारेच्या मोर्स लिपीत म्हणूनच ई साठी केवळ एक टिंब आणि टी साठी केवळ एक रेघ ठेवलेली आहे. जे अक्षर सारखे लागते ते पाठवायला सर्वांत कमी वेळ लागावा, हा त्यामागील हिशेब. आपल्या देशातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण हिशेब शिकण्यासारखा आहे.

स्क्रॅबल नावाचा शब्दखेळ तयार करणारे आल्फ्रेड बट्स यांनी वर्तमानपत्रांतील अक्षरे मोजून पाहिली होती. त्या खेळाच्या शंभर सोंगट्यांपैकी बारा एकट्या ई च्या असतात. क्यू आणि झेड यांची प्रत्येकी एकच सोंगटी असते, पण तिला दहा गुण मिळतात. अलीकडे मोबाईलवर वर्डल नावाचा खेळ लोकप्रिय झाला. जॉश वॉर्डल यांनी तो २०२१ साली लोकांसमोर आणला. त्यात पाच अक्षरी शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा असतो. अक्षर योग्य जागी असेल तर हिरवा रंग, अक्षर शब्दात आहे पण जागा चुकली असेल तर पिवळा. प्रिन्सेप यांनी जे दगडावर केले, तेच येथे पडद्यावर करायचे असते.

मोबाईल नसला तरी अडत नाही. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून लहान चौकोन करा आणि प्रत्येकावर एक इंग्रजी अक्षर लिहा. ई चे चौकोन जास्त करा, ए, टी, ओ, आय यांचे थोडे कमी, क्यू आणि झेड एकेकच. चार मुले बसली की खेळ सुरू. आमच्या वस्तीतील अभ्यासिकेत आम्ही रविवारी हा खेळ घेतो. सातवीतील एका मुलीने पहिल्या दिवशी फक्त कॅट हा शब्द केला होता. दिवाळीनंतर तिने मार्केट लावला, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

गावाच्या नावातून शब्द

आता आपल्याच गावाचे नाव घ्या. टी-आर-आय-एम-बी-ए-के-ई-एस-एच-डब्ल्यू-ए-आर. एकूण तेरा अक्षरे. आर दोनदा, ए दोनदा, बाकी सर्व एकेकदा. नावात जे अक्षर जितक्या वेळा आहे, तितक्याच वेळा वापरायचे. एवढ्यातून किती शब्द निघतात पाहा.

चार अक्षरी : बाथ, म्हणजे स्नान. वॉर्म, म्हणजे कोमट.
पाच अक्षरी : वॉटर, अर्थ म्हणजे पृथ्वी, व्हाइट, राइट म्हणजे लिहिणे, शर्ट, स्मार्ट, ट्राइब म्हणजे जमात, बर्थ म्हणजे जन्म.
सहा अक्षरी : मार्केट, बास्केट, मास्टर, स्ट्रीम म्हणजे ओढा. आपला 'आश्रम' हा शब्दही इंग्रजी कोशात आहे आणि ए-एस-एच-आर-ए-एम या सहा अक्षरांनी तो दोन्ही ए वापरून बरोबर बसतो.

टीचर मात्र होत नाही, कारण सी नाही. रिव्हर होत नाही, कारण व्ही नाही. ब्रह्मगिरीवर गोदावरीचा उगम असलेल्या गावाच्या नावातून पाणी निघते, ओढा निघतो, पण नदी निघत नाही, याची मुलांना मोठी गंमत वाटते. 'का होत नाही' हे सांगता आले म्हणजे त्या शब्दाचे स्पेलिंग डोक्यात कायमचे बसले.

आपल्या मुलखातून गेलेले शब्द

इंग्रजी ही परक्यांची भाषा म्हणून भिऊन राहू नये. तिच्यात आपलेही शब्द आहेत. मुंगसाला इंग्रजीत मंगूज म्हणतात. तो शब्द आपल्या मराठीतील 'मंगूस' वरून गेला. एम-ओ-एन-जी-ओ-ओ-एस-ई, आठ अक्षरे, त्यांत तीन ओ. नाशिकजवळच्या देवळाली छावणीत ब्रिटिश सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत महिनोन्महिने पडून राहत. कंटाळून, तापाने त्रासून काहींचे डोके फिरे. त्यावरून इंग्रजी बोलीत 'डुलॅली' हा शब्द रूढ झाला, म्हणजे डोके फिरलेला. डी-ओ-ओ-एल-ए-एल-एल-वाय, हाही आठ अक्षरी. आपल्या गावांची नावे त्यांनी जशी ऐकली तशी लिहिली. आपण मात्र त्यांचे शब्द नीट पाहून लिहावेत.

अर्जात लागणारे शब्द

पुढील शब्द प्रत्येक विद्यार्थ्याला आयुष्यभर लागतात. येथे अक्षरांची संख्या पाठ करावी. लिहून झाले की मोजावे. संख्या कमी-जास्त भरली तर चूक झाली हे लगेच कळते.

ॲड्रेस : सात अक्षरे. डी दोन, एस दोन.
फेब्रुवारी : आठ अक्षरे. बी नंतरचा आर विसरू नये.
वेन्सडे, म्हणजे बुधवार : नऊ अक्षरे. पहिला डी मुका आहे.
सिग्नेचर, म्हणजे सही : नऊ अक्षरे.
कमिटी : नऊ अक्षरे. एम, टी आणि ई ही तिन्ही अक्षरे जोडीने येतात.
गव्हर्नमेंट : दहा अक्षरे. आर नंतरचा एन हमखास राहतो.
स्कॉलरशिप : अकरा अक्षरे. एच दोन वेळा.
सर्टिफिकेट : अकरा अक्षरे.

पालकांना विनंती

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासूनच इंग्रजी आहे. तरी घरी कोणी शिकलेले नसेल तर मुलाच्या स्पेलिंगकडे कोण पाहणार, असे पालक विचारतात. पालकांना इंग्रजी येत नसले तरी अक्षरे मोजता येतात. दाखला हातात आला की मुलाला शेजारी बसवा. मुलाचे नाव, वडिलांचे नाव, आईचे नाव आणि आडनाव यांची अक्षरे बोटाने मोजा. जन्मदाखला, शाळेचा दाखला, आधार कार्ड आणि बँकेचे पुस्तक यांवर तीच संख्या, तोच क्रम आहे ना, ते पाहा. शिष्यवृत्तीचे अर्ज आता महाडीबीटी या संकेतस्थळावर भरावे लागतात. तेथे समोर बसलेल्या माणसाला समजावून सांगण्याची सोय नसते. एक अक्षर जुळले नाही तर यंत्र पुढे जाऊ देत नाही.

दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरताना सर्वांत जास्त काळजी घ्यावी, कारण गुणपत्रिकेवरील नाव पुढे सर्वत्र चालते. चूक शाळेत असतानाच दिसली तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज देऊन ती लवकर दुरुस्त होते. शाळा सुटल्यावर तेच काम प्रतिज्ञापत्र आणि राजपत्रापर्यंत जाऊ शकते. माझे एक वर्ष गेले, तुमच्या मुलांचे जाऊ नये.

स्वाध्याय

पुढील प्रश्न सोडवा. उत्तरे खाली आहेत, ती आधी हाताने झाकून ठेवा.

(१) पाच अक्षरे, सुरुवात के-एन, शेवट एफ-ई. स्वयंपाकघरातील वस्तू.
(२) पाच अक्षरे, सुरुवात क्यू-यू-आय, शेवट टी. असे दोन शब्द सांगा. एक थंडीत लागतो, दुसरा गुरुजींना वर्गात हवा असतो.
(३) पाच अक्षरे, शेवट एम-बी. निरक्षर माणूस सहीऐवजी हा उमटवतो.
(४) तीन अक्षरे, ए, ई, आय, ओ, यू यांपैकी एकही नाही. वर पाहिले की दिसते.
(५) अर्थ, म्हणजे पृथ्वी, या शब्दाची तीच पाच अक्षरे वेगळ्या क्रमाने लावा. छातीत असते.
(६) सहा अक्षरे, ए, ई, आय, ओ, यू एकही नाही, एच दोनदा. ढोलकीत असतो.
(७) गावाच्या तेरा अक्षरी नावातून निघणारा सात अक्षरी शब्द. सुरुवात एम. आपण सर्वच ती करतो.

उत्तरे : (१) नाईफ, के-एन-आय-एफ-ई. (२) क्विल्ट, क्यू-यू-आय-एल-टी, म्हणजे गोधडी. क्वाएट, क्यू-यू-आय-ई-टी, म्हणजे शांत. (३) थम, टी-एच-यू-एम-बी, म्हणजे अंगठा. (४) स्काय, एस-के-वाय, म्हणजे आकाश. (५) हार्ट, एच-ई-ए-आर-टी, म्हणजे हृदय. (६) रिदम, आर-एच-वाय-टी-एच-एम, म्हणजे ताल. (७) मिस्टेक, एम-आय-एस-टी-ए-के-ई, म्हणजे चूक.

शेवटी

सातपैकी चार बरोबर आली तरी पुष्कळ झाले. चुकलेले शब्द वहीत लिहा, अक्षरे मोजा, मुके अक्षर कोणते ते अधोरेखित करा. रोज पाच शब्द केले तर महिन्याला दीडशे होतात आणि दहावीपर्यंत इंग्रजीची भीती उरत नाही.

जाता जाता एक शब्द देतो. ई-डी-यू-सी-ए-टी-आय-ओ-एन. एज्युकेशन, म्हणजे शिक्षण. नऊ अक्षरांचा हा शब्द असून त्यात इंग्रजीतील पाचही स्वर प्रत्येकी एकदाच येतात, एकही राहत नाही आणि एकही दोनदा येत नाही. माझ्या वडिलांना लिहिता येत नव्हते. ते अंगठा उमटवीत. म्हातारपणी नातवाच्या शेजारी बसून ते स्वतःचे नाव इंग्रजीत काढायला शिकले आणि प्रत्येक वेळी लिहून झाले की बोटाने मोजीत. सात भरली की मान वर करून हसत. आपल्या वस्तीतील प्रत्येक घरात असे मोजणारे बोट असावे, एवढीच इच्छा व्यक्त करून हा पाठ संपवितो. सर्व विद्यार्थ्यांना परीक्षेसाठी मनःपूर्वक शुभेच्छा.